बस कोणी चालवली होती

राजश्री देवधरला जर्मन येतं ही गोष्ट कुवेतमध्ये वीस वर्षं फक्त पंपांना माहीत होती.

मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तिची कंपनी होती. जर्मनीहून पाण्याचे पंप मागवायचे आणि इथल्या बांधकामवाल्यांना विकायचे, एवढाच धंदा. पंपांसोबत जाडजूड पुस्तिका येत. त्यांत इंग्रजीही असे, पण ते जर्मन माणसाने लिहिलेलं इंग्रजी असल्यामुळे अर्थ लागण्यासाठी शेवटी मूळ जर्मनच बघावं लागे. त्यासाठी राजश्री. ‘पाणी भरल्याशिवाय पंप सुरू करू नये’ हे वाक्य तिने आयुष्यात किमान चारशे वेळा भाषांतरित केलं असेल. त्यात भावार्थ वगैरे शोधायची सोय नव्हती.

पुण्यात असताना तिचे बेत जरा वेगळे होते. जर्मनमध्ये एम.ए. करून तिने पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता युद्धानंतरच्या जर्मन साहित्यातलं मौन आणि राष्ट्राची ओळख. दोन प्रकरणं लिहून झाली, तिसऱ्याची टिपणं काढून झाली, आणि अहमदीच्या तेलक्षेत्रात नोकरी करणाऱ्या अभिजीतचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं. ‘प्रबंध काय, तिकडेही लिहिता येईल,’ असं सगळे म्हणाले. म्हणजे ज्यांनी आयुष्यात प्रबंध लिहिला नव्हता ते सगळे. राजश्री कुवेतला, फिंतासला आली, समुद्राकडे तिरका बघणारा एक फ्लॅट मिळाला, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन कॅनडाला गेली. जर्मनीचं मौन दोन प्रकरणांपाशी थांबलं ते थांबलंच.

मग जर्मनीत म्हातारे वाढले आणि फिंतासमध्ये राजश्रीचे दिवस पालटले. तिकडे नर्स हव्या होत्या, आणि कुवेतच्या इस्पितळांत नर्स होत्या. मधे फक्त एक भाषेची परीक्षा होती. कोणीतरी कोणालातरी सांगितलं, आणि दर शुक्रवारी सकाळी राजश्रीच्या दिवाणखान्यात सात-आठ नर्स वह्या घेऊन बसू लागल्या. टेबलाला ‘तो’ का, मांजरीला ‘ती’ का आणि लहान मुलीला ‘ते’ का, यावर त्या जीव तोडून भांडत. मराठीत खुर्ची ‘ती’ का, हे त्यांना कधी कोणी विचारलेलं नव्हतं.

अशा रीतीने राजश्री देवधर ‘जर्मनवाल्या मॅडम’ झाल्या, आणि ही कीर्ती यथावकाश अरुणोदय मराठी संघापर्यंत पोचली.

अरुणोदयचं ते चाळिसावं वर्ष. अध्यक्ष हरिश्चंद्र टिपणीस. वय एकाहत्तर, कुवेत सिटीत एका कंपनीत भागीदार. अध्यक्षपदाची निवडणूक दर दोन वर्षांनी होई आणि दर दोन वर्षांनी ते सर्वांच्या आग्रहाला बळी पडत. त्यांच्या थोरवीचा आधार एकच होता: एकोणीसशे नव्वद. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा टिपणीसकाकांनी चव्वेचाळीस मराठी माणसांना एका बसमधून बसरा, बगदाद करत थेट अम्मानला नेलं आणि तिथून विमानाने मुंबईला. ही गोष्ट संघाच्या प्रत्येक गणपतीत सांगितली जाई. दर वर्षी वाळवंट थोडं वाढे आणि पाणी थोडं कमी होई.

त्यांनी राजश्रीला फोन केला. ‘‘राजश्रीताई, चाळिशीनिमित्त तुमचं एक व्याख्यान ठेवतोय. विषय मीच काढलाय. राखेतून राष्ट्र! जर्मनीकडून आपण काय शिकावं?’’

‘‘काका, मी साहित्यावर बोलू शकते. युद्धानंतर त्यांनी काय लिहिलं, यावर.’’

‘‘तेच ते. राखेवरच तर लिहिलं असणार.’’

व्याख्यानाला दीडशे माणसं आली, कारण नंतर जेवण होतं. पंचवीस वर्षांनी राजश्री आपल्या विषयावर बोलायला उभी राहिली आणि पहिली पाच मिनिटं तिचा आवाज कापत होता. मग सापडला. ती म्हणाली, लढाई संपली तेव्हा जर्मन शहरांत विटांचे ढिगारे होते, आणि भाषेचीही तीच गत होती. राष्ट्र, रक्त, माती, निष्ठा हे शब्द बारा वर्षं इतके वापरून झाले होते, की ते उचलले की हात घाण होत. म्हणून लिहिणाऱ्यांनी सुरुवातीला अगदी छोटी, कोरडी वाक्यं लिहिली. दार. पाव. बूट. घरी आलेला माणूस आणि न उघडणारं दार. पुढे कारखाने सुरू झाले, घराघरांत गालिचे आले, आणि जो तो म्हणू लागला की आम्हाला काही माहीतच नव्हतं. मग मुलं मोठी झाली आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी विचारलं, ‘‘बाबा, तेव्हा तुम्ही काय करत होतात?’’ बाबा म्हणाले, ‘‘बटाटे सरकव इकडे.’’

इथे सभागृहात थोडे लोक हसले.

‘‘त्या बटाट्यांवर एक अख्खं साहित्य उभं आहे,’’ राजश्री म्हणाली. ‘‘आपण किती थोर, हे सांगून त्यांची ओळख तयार झाली नाही. जी काही झाली ती आपण काय लपवलं, हे विचारून झाली. आणि विचारणारेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांतल्या काहींनी स्वतःची तरुणपणातली पानं पन्नास-पन्नास वर्षं कोणाला दाखवली नाहीत.’’

टाळ्या झाल्या. समारोपाला टिपणीसकाका उठले. माईक ठोकून म्हणाले, ‘‘ताईंनी फारच सुंदर विवेचन केलं. म्हणजे थोडक्यात काय? शिस्त! जर्मन माणूस म्हणजे शिस्त. आता जेवणाच्या रांगेत आपणही ती दाखवूया.’’

रांगेत शिस्त दिसली नाही. पण व्याख्यान गाजलं, आणि बक्षीस म्हणून संघाच्या स्मरणिकेचं संपादन राजश्रीच्या गळ्यात पडलं. स्मरणिकेतला मुख्य लेख अर्थातच काकांचा होता: ‘वाळवंटातील अग्निदिव्य’. तेरा पानं. ‘‘ताई, विचार माझे आहेत, तुम्ही फक्त भाषेवर हात फिरवा,’’ असा निरोप होता. राजश्रीने हात फिरवायला घेतला. त्या तेरा पानांत ‘मी’ एकशे बारा वेळा होता आणि बस कुवेत ते अम्मान आपली आपणच चालत होती. टायर फुटला तर तो ‘बदलण्यात आला’, रस्ता चुकला तर तो ‘शोधण्यात आला’. पुण्यात मार्गदर्शक बाई म्हणायच्या, मजकुरात कोण बोलतंय ते सगळेच बघतात, तू कोण गप्प आहे ते बघ. राजश्रीने ते बघितलं नाही. तिने फक्त ‘मी’ साठावर आणले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी वर्गात भूतकाळ चालू होता.

जर्मन भूतकाळ हे एक प्रकरणच आहे. तिथे काही क्रियापदांना ‘असणे’ लागतं आणि काहींना ‘जवळ असणे’. राजश्रीने सर्वांना एकेक वाक्य करायला सांगितलं: तुमच्या आईने किंवा वडिलांनी पूर्वी केलेली एखादी गोष्ट. झुलेखाची पाळी आली. झुलेखा श्रीवर्धनकडची, फर्वानियाला एका खासगी दवाखान्यात नर्स, वर्गात सर्वांत हुशार. ती म्हणाली, ‘‘माइन फाटर इस्ट मिट डेम बुस नाख अम्मान गेफारेन.’’

माझे वडील बसने अम्मानला गेले.

‘‘बरोबर,’’ राजश्री म्हणाली. ‘‘नव्वद साली ना? पॅसेंजर म्हणून गेले, तर हे वाक्य बरोबर.’’

‘‘पॅसेंजर नाय, मॅडम. ड्रायव्हर होते.’’

‘‘मग क्रियापद बदलणार. ‘हाट डेन बुस गेफारेन’. बस चालवली. बसून गेला तर ‘असणे’ आणि चालवली तर ‘जवळ असणे’.’’ एवढं व्याकरण सांगून झाल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. ‘‘थांब. कुठली बस?’’

‘‘संघाचीच, मॅडम. तुमच्या अध्यक्षांची. माझा बाप चालवीत होता. कमाल नाव त्याचं.’’

वर्ग संपल्यावर झुलेखा मागे थांबली. तिने जे सांगितलं ते तिलाही नीट माहीत नव्हतं, आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं. कमाल तेव्हा एका कंपनीची बस चालवायचा. मिरकाबला एका खोलीत सातजण राहायचे, सगळे रायगडच्या किनाऱ्यावरचे: कोणी हॉटेलात आचारी, कोणी शिंपी. बस निघायच्या सकाळी बाकीचे सहाजण पिशव्या घेऊन तिच्या दाराशी उभे राहिले. काकांकडे यादी होती. त्यांनी यादी बघितली आणि सहाजणांना म्हणाले, ‘‘जागा नाही. आणि तुम्हाला कसली भीती? आलेत ते तुमचेच लोक आहेत.’’

‘‘आणि तुझे वडील?’’

‘‘तेच तर,’’ झुलेखा म्हणाली. ‘‘बाबा स्टेअरिंगवर होता.’’

‘‘तू त्यांना विचारलंस कधी?’’

‘‘विचारलं ना. एकदाच. तो बोलला, भात वाढ.’’

राजश्रीच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर त्या काट्यात थोडा आनंदही होता. पंचवीस वर्षं जे पुस्तकात वाचलं ते तिच्या सोफ्यावर येऊन बसलं होतं. अभ्यासू माणसाला दुसऱ्याचं दुःख आपल्या विषयात बसलं की जरा बरं वाटतं. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती लाज बाजूला ठेवून तिने विचारलं, ‘‘त्या सहांपैकी कोणी आहे का इथे?’’

होता. झहूर. मिरकाबमध्येच, राजश्रीच्या कंपनीपासून चालत सहा मिनिटांवर त्याचं शिवणकामाचं दुकान. इतकी वर्षं ती त्या गल्लीतून समोसे आणायला जात होती.

झहूर साठीला आलेला, काटकुळा, गळ्यात टेप. राजश्रीने ओळख करून दिली, झुलेखाचं नाव सांगितलं आणि मग तिने भीत भीत नव्वदचा विषय काढला. इतक्या जड प्रश्नाला तसंच जड उत्तर येईल अशी तिची अपेक्षा होती.

‘‘टिपणीससाहेब?’’ झहूर म्हणाला. ‘‘त्यांचा जोधपुरी कोट मीच शिवतो की. आता चाळीस वर्षांचा सोहळा हाय ना, त्याचं माप परवाच घेतलं.’’

‘‘तुम्ही? त्यांचे कपडे?’’

‘‘तीस वर्षं. पहिल्यांदा आले तवा त्यांनी मला वळखलं, मी त्यांना वळखलं. ते बोलले, बाह्या जरा सैल ठेव. मी बोललो, बरं. झालं.’’

‘‘आणि त्यानंतर कधीच नाही?’’

‘‘माप घेताना काय बोलणार, बाय? पोट आत ओढून उभे असतात.’’

मग त्याने स्टूल पुढे केलं आणि कैची खाली ठेवून सांगितलं. ते सहाजण त्या खोलीत दीड महिना राहिले. ‘तुमचेच लोक’ आले. त्यांनी भाकऱ्या भाजून घेतल्या, भाई म्हणाले आणि जाताना घड्याळं काढून नेली. पुढे एका ट्रकातून सहाजण निघाले. जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूत अठरा दिवस. हसनमियाँ नावाचा वयस्कर आचारी होता, त्याला जुलाब लागले. तो तंबूतच गेला. तिथेच पुरला.

‘‘हे कोणी लिहून ठेवलंय का?’’ राजश्रीने विचारलं.

‘‘कोण लिवणार? आमच्यात लिवणारा हसनमियाँच व्हता. सगळ्यांची पत्रं तोच लिवायचा.’’

‘‘मी लिहिलं तर चालेल?’’

झहूरने विचार केला. ‘‘गिऱ्हाईक जाईल,’’ तो म्हणाला. मग टेपशी चाळा करत हसला. ‘‘पण जाणार कुठं? त्यांच्या मापाचा जोधपुरी दुसऱ्याला जमायचा नाय. डावा खांदा उतरलेला हाय त्यांचा, मी आत भरण घालतो. लिवा तुम्ही. नावं नीट लिवा फक्त.’’

नावं त्याने सांगितली: झहूर, तौफीक, फैसल, दाऊद, हसनमियाँ. सहावा हसनमियाँचा भाचा. त्याचं नाव झहूरला आठवेना. त्याला शब्बू म्हणायचे.

राजश्रीने काकांच्या लेखात चार ओळी घातल्या. अगदी छोटी, कोरडी वाक्यं. ‘बस कमाल यांनी चालवली. ते श्रीवर्धनचे. त्यांच्या खोलीतल्या सहा जणांना बसमध्ये घेतलं नाही. त्यांची नावं अशी.’ आणि नावं. टायर ‘बदलण्यात आला’ तिथे ‘कमाल यांनी बदलला’ केलं. विशेषण एकही वापरलं नाही. लेख तिने काकांना पाठवला आणि पुढच्या संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक बोलावली गेली.

बैठक काकांच्या कुवेत सिटीतल्या ऑफिसात होती. भिंतीवर एका बाजूला इथल्या अमिरांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला शिवाजी महाराजांचा; मधे काका. चांदीच्या ताटलीत चॉकलेटं फिरत होती. सगळ्यांनी एकेक घेतलं आणि चघळत राहिले, म्हणजे बोलावं लागू नये.

‘‘ताई,’’ काका म्हणाले, ‘‘मी भाषेवर हात फिरवायला सांगितला होता. तुम्ही आशयावर फिरवलात.’’

‘‘काका, हे खरं आहे ना?’’

‘‘खरं-खोटं हा मुद्दा नाही. सोहळ्याचं वातावरण आहे. सगळ्या समाजाचे पाहुणे येणार. पस्तीस वर्षांपूर्वीचं उकरून कोणाचं भलं होणार?’’

‘‘हसनमियाँ नावाचे एक गृहस्थ तंबूत वारले.’’

‘‘मी मारलं का त्यांना?’’ काकांचा आवाज चढला. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला, आणि बोलले तेव्हा ते गणपतीतले काका नव्हते. ‘‘तुम्ही होतात का तिथे? चव्वेचाळीस सीटा होत्या. मी छत्तीस वर्षांचा होतो. मागे माझी बायको पोटुशी बसलेली. दाराशी सहा माणसं आली. कोणाला उतरवायचं होतं मी, सांगा? आणि ते वाक्य... ते तोंडातून गेलं. काहीतरी बोलायला लागतं ना माणसाला दार लावताना.’’

राजश्री हळूच म्हणाली, ‘‘काका, हेच लिहा ना. तुमच्या तेरा पानांपेक्षा हे फार चांगलं आहे.’’

क्षणभर वाटलं की ते हो म्हणतील. त्यांनी शिवाजी महाराजांकडे बघितलं, अमिरांकडे बघितलं. ‘‘हे लिहायचं नसतं,’’ ते म्हणाले. पुढे अगदी मऊ आवाजात, ‘‘आणि यादीचं म्हणाल ताई, तर याद्या तुम्हीही केल्यात. दोन हजार वीस सालची आपल्या विमानाची यादी टाईप कोणी केली होती? त्यात तुमच्या सासूबाईंचं नाव कसं आलं, ते आठवतं ना?’’

ताटली राजश्रीपुढे आली. तिने चॉकलेट घेतलं.

तिला आठवत होतं. रोज नव्हे, पण आठवत होतं. करोनात विमानं बंद झाली तेव्हा संघाने एक खास विमान ठरवलं होतं. नोंदणीचं काम राजश्री बघत होती. तिच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि अडकल्या होत्या. त्यांना काही झालं नव्हतं. थोडी साखर होती, आणि इथल्या टीव्हीवर त्यांच्या मालिका दिसत नव्हत्या. रोज सकाळी त्या अभिजीतला विचारत, ‘‘मला घरी कधी पाठवतोस?’’ नोंदणी उशिरा केल्यामुळे त्यांचं नाव यादीबाहेर होतं. काका फोनवर म्हणाले होते, ‘‘आपल्या माणसाचं बघायलाच हवं. ऐंशी नंबरला कोण लता म्हणून आहे. कोणाच्या तरी घरी मुलं सांभाळते. तिला पुढच्याला घेऊ.’’ राजश्रीने एक ओळ खोडून दुसरी लिहिली होती. लता नांदेडकडची. तिने दोनदा फोन केला होता, वडील आजारी आहेत म्हणून. राजश्रीने तिला सांगितलं, ‘‘जागा नाही.’’ पुढचं विमान दोन महिन्यांनी मिळालं.

एक ओळ. ती लिहायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आणि त्यानंतर तिने दीडशे माणसांसमोर उभं राहून जर्मन बापांच्या बटाट्यांवर भाषण दिलं होतं.

स्मरणिका वेळेवर निघाली. काकांचा लेख तेरा पानी, एकशे बारा ‘मी’ मूळ जागी. संपादक म्हणून कोणा दुसऱ्याचं नाव. सोहळ्यात काकांना ‘आखाती दीपस्तंभ’ ही पदवी देण्यात आली. देणारा संघ त्यांचाच असल्यामुळे निवडीत अडचण आली नाही. जोधपुरी उत्तम बसला होता. डावा खांदा उतरलेला आहे हे कोणाला कळणं शक्य नव्हतं.

राजश्री त्या सोहळ्याला गेली नाही. ती घरी बसून लिहीत होती. पंपाखेरीज दुसऱ्या कशावर, आणि तेही मराठीत, लिहिण्याची तिची ती अनेक वर्षांतली पहिलीच वेळ. आधी कमाल आणि सहा जणांचं लिहिलं. तिथे थांबून बघितलं. मजकूर चांगला झाला होता, टोकदार, आणि लिहिणारी बाई फार शहाणी वाटत होती. तेच खटकलं. मग तिने खाली दुसरा परिच्छेद लिहिला. ‘२०२० साली मी विमानाच्या यादीतून लता नावाच्या बाईचं नाव काढलं आणि माझ्या सासूबाईंचं घातलं. लताला मी जागा नाही असं सांगितलं. जागा होती.’

मजकूर तिने संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. तीनशे दहा सभासद. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने नमस्काराचे हात टाकले, दुसऱ्याने ‘छान’ म्हटलं, तिसऱ्याने पडवळ कुठल्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, मिळेल ते विचारलं आणि त्यावर बावीस उत्तरं आली. काका गट सोडून गेले. संध्याकाळी त्यांना पुन्हा जोडण्यात आलं.

झुलेखाने मात्र तो मजकूर गावी वडिलांना वाचून दाखवला. फोनच्या पलीकडे कमालने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, ‘‘बाईने एक लिवायचं टाकलं. आरशात दिसत व्हते ते सगळे. शब्बू मागून धावला पण. ब्रेक माझ्या पायाखाली व्हता.’’

‘‘मग, बाबा?’’

‘‘मग काय. नाय दाबला.’’

त्याने झहूरचा नंबर मागितला. झुलेखा शनिवारी राजश्रीला घेऊन दुकानात गेली आणि तिथूनच फोन लावून दिला. दोघींना वाटत होतं की आता दोघे म्हातारे रडतील. झहूरने फोन कानाला लावला. पलीकडून कमालचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. ‘‘झहूर, मी त्या दिसाचं...’’

‘‘पापलेट मिळतंय का रे तिकडं?’’ झहूर मधेच म्हणाला. ‘‘इथं जीव घेतात दराने.’’

मग पाऊण तास मासळी, जेट्टी, कोणाच्या मुलाचं लग्न. फोन ठेवताना झहूर म्हणाला, ‘‘शब्बूचं नाव काय रे व्हतं खरं? बाईला लिवायचंय.’’ कमालने सांगितलं. शहाबुद्दीन. राजश्रीने टिपून घेतलं. झहूर यंत्रापाशी जाऊन बसला आणि बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिला. शेवटी झुलेखाने ओवून दिला.

झुलेखा परीक्षा पास झाली आणि मार्चमध्ये जर्मनीला गेली. तोंडी परीक्षेत तिला ‘माझा देश’ असा विषय आला होता. तिने विचारलं, ‘‘कुठला? जन्मले तो, काम करते तो, की जाणार तो?’’ परीक्षक बाई हसल्या आणि वर गुण दिले. जर्मनांना अशा प्रश्नांची सवय आहे, राजश्री वर्गात म्हणाली. बाकीच्यांनी तो प्रश्न वहीत उतरवून पाठ केला.

लताचा नंबर राजश्रीकडे होता, पाच वर्षं होता. मजकूर पाठवायचा धीर तिला एप्रिलमध्ये झाला. चार दिवसांनी, ऑफिसातून आल्यावर ती फिंतासला गाडी लावत असताना उत्तर आलं. लताने आवाजच पाठवला होता. मागे भांड्यांचा आणि लहान पोराचा आवाज येत होता.

‘‘ताई, मी लता बोलायले. तुमचं ते लिहिलेलं पोरीनं वाचून दाखवलं. मला तं वाटलं होतं की माझा नंबरच लागला नव्हता. नशिबाचं आहे म्हणून गप बसले होते. वडील गेले तेव्हा मी तिकडंच होते. तेराव्यालाबी पोचले नाही. बरं झालं सांगितलंत. नसतं सांगितलं तरी चाललं असतं, असं पण वाटायलंय. आता फोन करू नका.’’

राजश्रीने ते दोनदा ऐकलं. कोणत्याही पुस्तकात, तिच्या दोन प्रकरणांत किंवा तिसऱ्याच्या टिपणांत, अशा उत्तराची सोय केलेली नव्हती. तिथे मुलं विचारायची आणि बाप गप्प राहायचे. न विचारताच सांगितलं तर ऐकणाऱ्याने त्याचं काय करायचं, हे कोणी लिहिलेलं तिला आठवेना. कबुलीने मन हलकं होतं म्हणतात. झालंही असेल, पण तो भार बहुधा नांदेडला उतरवला गेला होता.

ती वर आली. अभिजीत टीव्ही चालू ठेवून सोफ्यावर बसला होता आणि फोनवर आईशी व्हिडिओने बोलत होता. सासूबाई पुण्यात ठणठणीत होत्या आणि मालिकेतल्या सुनेबद्दल तक्रार करत होत्या. बोलणं झाल्यावर त्याने राजश्रीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

‘‘काय गं? कोणाचा फोन होता?’’

‘‘लताचा निरोप होता.’’

‘‘कोण लता?’’

राजश्रीने पर्स खाली ठेवली. ‘‘तू गटावर मी लिहिलेलं वाचलं नाहीस?’’

‘‘अगं, त्या गटाचा आवाज मी केव्हाच बंद केलाय. का? काय लिहिलंस?’’

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. ‘‘टीव्ही बंद कर,’’ ती म्हणाली, आणि तिने त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.